न नोंदलेली भेग कोणाची?

नेपोलियनच्या राजवटीत, १८०४ साली, फ्रान्सची दिवाणी संहिता जाहीर झाली. विवाह, वारसा, मालमत्ता अशा भारदस्त विषयांच्या गर्दीत तिचं १७३१वं कलम भाडेकरूच्या मुळावर उठणारं होतं. घर ताब्यात घेताना त्याच्या स्थितीची लेखी नोंद झाली नसेल, तर ते चांगल्या अवस्थेत मिळालं असं गृहीत धरलं जाईल आणि तसंच परत करावं लागेल. उलट काही म्हणायचं असेल तर पुरावा भाडेकरूने आणावा. थोडक्यात, आधीच तडकलेली फरशी आणि निखळलेली बिजागरी कागदावर आली नाही, तर ती भाडेकरूच्या माथी.

या नोंदीला फ्रान्समध्ये ‘एता दे ल्यू’ म्हणतात. ती केलेली असेल तर आदल्याच, १७३०व्या कलमाचं संरक्षण मिळे: घर नोंदीत होतं तसं परत करायचं, जुनेपणाने किंवा कोणाच्याही हाताबाहेरच्या आपत्तीने जे गेलं ते सोडून.

पण डागडुजी कोणती कोणी करायची? १७५४वं कलम वाचताना कायदा करणारे हातात कंदील घेऊन घरभर फिरले असावेत असं वाटतं. शेकोटीचा कट्टा आणि तिची चौकट भाडेकरूकडे. भिंतींचा गिलावा जमिनीपासून एक मीटर उंचीपर्यंत त्याच्याकडे. मोजक्याच फरश्या फुटल्या असतील तर त्याही. खिडकीच्या काचा त्याने बसवायच्या, मात्र गारपिटीने फुटल्या तर नाही. दारं, बिजागऱ्या, कड्या, कुलपं पुन्हा त्याचीच. यादीच्या सुरुवातीलाच स्थानिक रिवाजाला मान दिलेला आहे. विहीर आणि शौचकूप उपसणं मात्र १७५६व्या कलमाने, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, मालकाच्या गळ्यात घातलं. एक मीटरच का, हे कलम सांगत नाही. पण खुर्च्यांच्या पाठी, मुलांचे हात आणि बादल्यांचे धक्के भिंतीला कुठवर लागतात, हे घर चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं.

भाड्याची हमी म्हणून संहितेने बघितलं ते सामानाकडे. घरात पुरेसं सामान न आणणाऱ्या भाडेकरूला, त्याने दुसरी हमी दिली नाही तर, बाहेर काढता येत असे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये भाडं थकलेला माणूस रात्री पलंग-गाद्या गुपचूप खाली उतरवून पसार व्हायचा, तेव्हा तो मालकाचं तारणच पळवत असे. भाड्याची मुदत तिमाही होती. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये लहान घरांची अदलाबदल ८ तारखेच्या सुमारास आणि मोठ्यांची १५च्या सुमारास होई. शहरभर हातगाड्यांची झुंबड उडे. व्यंगचित्रकार ओनोरे दोमिएने घरमालक आणि भाडेकरूंवर व्यंगचित्रांची मालिकाच काढली. अदलाबदलीच्या अशा दिवशी खोल्या-खोल्यांतून फिरून भेगा मोजायला गरीब भाडेकरूला उसंत कुठली? न लिहिण्याचा फायदा कोणाला, हे १७३१व्या कलमाने आधीच ठरवून ठेवलेलं.

ते पारडं हलायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. १९८२च्या कीयो कायद्याने आणि मग ६ जुलै १९८९च्या कायद्याने मालक आणि भाडेकरू दोघांनी मिळून नोंद करण्याची पद्धत पक्की केली. दोघांचं जमत नसेल तर न्यायालयीन अधिकारी बोलवायचा, खर्च निम्मा-निम्मा. गृहीतकाची नांगीही मोडली: जो पक्ष नोंद करण्यात आडकाठी करील, त्याला १७३१व्या कलमाचा आधार घेता येत नाही. ३० मार्च २०१६च्या हुकुमाने तपशील ठरवला. प्रत्येक खोलीची जमीन, भिंती, छत, मीटरचे आकडे, किती किल्ल्या दिल्या, सगळं लिहायचं. आणि येतानाची व जातानाची नोंद शेजारी ठेवून ताडता येईल अशी मांडायची. दोन्ही जुळल्या तर अनामत एका महिन्यात परत, नाहीतर दोन महिन्यांत.

महाराष्ट्राने गृहीतकाची दिशाच उलटी ठेवली. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं ५५वं कलम म्हणतं की लेखी आणि नोंदणीकृत करार नसेल, तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. कागद करून घेण्याची जबाबदारीही मालकाचीच. हे अटींपुरतं झालं. भिंतीच्या पोपड्यांचं काय, हा वाद इथे अजून बहुधा मोबाइलमधल्या फोटोंवर आणि मालकाच्या मर्जीवर सुटतो.

फ्रेंच कायद्याने आणखी एक बारकावा पकडला आहे. नोंदीत काही सुटलं तर दहा दिवसांत भर घालायची मागणी करता येते. पण उन्हाळ्यात घर घेणाऱ्याला रेडिएटर तापतो की नाही हे कसं कळावं? म्हणून हीटिंगबद्दल ही मुभा थंडीचा हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यातही मिळते. मुंबईत एप्रिलमध्ये घर घेतलेल्या माणसाला छत गळतं हे जूनमध्ये कळतं, आणि तोवर करारावर सह्या होऊन दोन महिने झालेले असतात.