खारीच्या पिंजऱ्यातला उंदीर

उंदराचा पिंजरा म्हटलं की मराठी घरात डोळ्यांपुढे येतो तो आकड्याला भजं अडकवलेला आणि दार खाडकन पडणारा. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्येही बहुतेकांचा उंदराशी संबंध त्याला धरण्या-मारण्यापुरताच होता. गंमत म्हणजे तिथे उंदीर पाळण्याच्या हौसेला खतपाणी घातलं ते उंदीर मारण्यावरच पोट भरणाऱ्या एका माणसाने.

जॅक ब्लॅक त्याचं नाव. तो स्वतःला व्हिक्टोरिया राणीचा उंदीरमाऱ्या म्हणवून घ्यायचा. हिरवा कोट, लालभडक बंडी आणि खांद्यावरून आडव्या पट्ट्यावर धातूचे उंदीर. तेही मेलेल्या उंदराचा साचा काढून त्याने स्वतःच ओतलेले. भर रस्त्यात गाडी उभी करून तो उंदरांनी बुजबुजलेल्या पिंजऱ्यात हात घाली आणि मुठीत मावतील तेवढे बाहेर काढी. गर्दी जमली की विषाच्या पुड्या खपत. पत्रकार हेन्री मेह्यूने त्याची हकिगत लिहून ठेवली म्हणून हे सगळं आज कळतं. धरलेल्या उंदरांत पांढरा किंवा कबरा निघाला, तर ब्लॅक त्याला मारत नसे. त्याची वीण वाढवून पिल्लं तो चांगल्या घरच्या मुलींना विकी, आणि त्या ती खारींच्या पिंजऱ्यात ठेवत.

म्हणजे पाळीव उंदराचं घर उसनंच होतं. खारीचा तो पिंजरा म्हणजे एक छोटं खुराडं आणि त्याला जोडलेलं, फिरणारं तारेचं पिंप. खार धावतेय हे बघायला मजा येई. तिथे राहणाऱ्याला पाय पसरता येतात का, याचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही.

पुढे हौसेला प्रतिष्ठा मिळाली. बीट्रिक्स पॉटरने आपल्या सॅमी या पाळलेल्या उंदराला 1908 साली एक पुस्तक अर्पण केलं. त्याआधी, 1901 मध्ये, मेरी डग्लस यांच्या आग्रहावरून छोटे उंदीर पाळणाऱ्यांच्या राष्ट्रीय क्लबने मोठ्या उंदरांनाही प्रवेश दिला आणि एल्सबरीच्या प्रदर्शनात बाईंच्याच काळ्या-पांढऱ्या उंदराने पहिला मान पटकावला. 1921 मध्ये बाई गेल्या आणि हौस ओसरली. निव्वळ मोठ्या उंदरांसाठी वेगळी संस्था ब्रिटनमध्ये उभी राहिली ती थेट 1976 साली.

मधल्या काळात उंदराचं घर ठरवलं प्रयोगशाळांनी. फिलाडेल्फियाच्या विस्टर इन्स्टिट्यूटमध्ये 1906 पासून पांढरे उंदीर पद्धतशीर वाढवले जाऊ लागले. प्रयोगशाळेत सोय बघायची ती मांडणीची: एकावर एक किती पिंजरे बसतील, धुवायला किती वेळ लागेल. युरोपीय संघाच्या 2010 च्या नियमांत उंदराच्या पिंजऱ्याची किमान उंची आहे 18 सेंटीमीटर. मोठा नर मागच्या पायांवर उभा राहिला की सहज 25 च्या वर जातो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2016 मध्ये उंच, माती भरलेल्या घरातले उंदीर आणि नेहमीच्या पिंजऱ्यातले उंदीर यांची तुलना केली. पहिले खणत, चढत, वारंवार उभे राहत. दुसऱ्यांना उभं राहता येत नव्हतं, आणि ते आडवे ताणून आळोखेपिळोखे देत होते, पहिल्यांपेक्षा कितीतरी जास्त.

आजच्या हौशी पालकांत एक ढोबळ हिशोब रूढ आहे: एका उंदराला किमान 2 घनफूट. 60 सेंटीमीटर लांब, 45 रुंद आणि 90 उंच पिंजरा साडेआठ घनफूट भरतो, म्हणजे चौघांची सोय झाली. उंदीर एकटा ठेवायचा नसतोच, त्यामुळे सुरुवात दोघांपासून धरायची. पण या हिशोबात एक खोट आहे. नुसती उंची वाढवूनही घनफूट भरतात, आणि मग जमीन उरते वीतभर. दोन गजांमधली फटही बघावी लागते: डोकं जिथून जातं तिथून अख्खा उंदीर जातो, म्हणून पिल्लांसाठी ती सव्वा सेंटीमीटरच्या आतच बरी. काचेची पेटी दिसायला छान, पण तिच्यात वारा खेळत नाही. मुताचा अमोनिया साचतो, आणि उंदरांची छाती मुळातच नाजूक. तारेच्या जमिनीने तळपायांना जखमा होतात.

उंच पिंजऱ्यात म्हातारा उंदीर वरून घसरतो, तेव्हा जाणते पालक मधल्या मजल्यांवर जुन्या कापडाच्या झोळ्या टांगतात. उंदीर मग दिवसभर त्यांतच एकमेकांच्या अंगावर पडून झोपतात.