जयवंत दळवी

जयवंत दळवी (१४ ऑगस्ट १९२५ – १६ सप्टेंबर १९९४) हे मराठी कादंबरीकार, नाटककार, कथाकार आणि विनोदी लेखक होते. त्यांचा जन्म गोव्यातील हडफडे येथे झाला. वेंगुर्ले तालुक्यातील आरवली हे त्यांचे गाव. तेथील माणसे 'सारे प्रवासी घडीचे' या पुस्तकात भेटतात. 'प्रभात' व 'लोकसत्ता' या दैनिकांत काम केल्यानंतर त्यांनी मुंबईत अमेरिकी माहिती सेवेत नोकरी केली.

'ललित' मासिकात त्यांनी 'ठणठणपाळ' या टोपणनावाने 'घटका गेली पळे गेली' हे सदर दीर्घकाळ लिहिले. वसंत सरवटे यांनी रेखाटलेला हातोडाधारी ठणठणपाळ आणि साहित्यिकांची त्यात उडवलेली टर वाचकांना अतिशय प्रिय होती. कादंबऱ्या व नाटके लिहिणारे दळवी मात्र सहसा हसवत नाहीत.

== कादंबरी ==
'चक्र' (१९६३) या कादंबरीत मुंबईच्या झोपडपट्टीतील जगणे आहे. भूक, कामवासना आणि हिंसा यांचे त्यातील चित्रण त्या काळच्या मध्यमवर्गीय वाचकाला हादरवणारे होते. दळवी पात्रांची कीव करत नाहीत, त्यांना दोषही देत नाहीत. कादंबरीचे बळ याच तटस्थतेत आहे. 'महानंदा' या कादंबरीवरून शं. ना. नवरे यांनी 'गुंतता हृदय हे' हे नाटक लिहिले.

== नाटक ==
दळवी रंगभूमीकडे तुलनेने उशिरा वळले. 'संध्याछाया'मध्ये (१९७३) एक वृद्ध जोडपे आहे. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात. घरात उरते ती वाट पाहणे. परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांचा प्रश्न मराठी प्रेक्षकांना तेव्हा नुकताच जाणवू लागला होता.

'बॅरिस्टर' (१९७७) हे त्यांचे सर्वांत गाजलेले नाटक. 'अंधाराच्या पारंब्या' या आपल्याच कादंबरीवरून त्यांनी ते लिहिले. इंग्लंडमध्ये शिकलेला, विचाराने सुधारक असलेला नायक घराण्यातील वेडाच्या भीतीने ग्रासलेला आहे. तरुण विधवेचे केशवपन होऊ नये म्हणून तो उभा राहतो. तिच्याशी लग्न करण्याचे धैर्य मात्र त्याला होत नाही. सुधारणेचा विचार पटणे आणि तो जगणे यांतील अंतर या नाटकात फार निर्दयपणे दिसते. दिग्दर्शन विजया मेहता यांचे होते. विक्रम गोखले यांची बॅरिस्टरची भूमिका संस्मरणीय ठरली. पुढे याच कथेवर 'रावसाहेब' हा हिंदी चित्रपट निघाला.

'सूर्यास्त'मध्ये वृद्ध गांधीवादी पिता आपल्याच सत्ताधारी मुलाविरुद्ध उभा ठाकतो. 'पुरुष'मध्ये बलात्कारित शिक्षिका राजकीय पुढाऱ्याचा सूड घेते. त्यातील गुलाबराव नाना पाटेकर यांनी रंगवला. 'महासागर' आणि मतिमंद मुलाच्या आईवडिलांची घुसमट मांडणारे 'नातीगोती' ही त्यांची आणखी दोन उल्लेखनीय नाटके होत.

== चित्रपट ==
रवींद्र धर्मराज दिग्दर्शित 'चक्र' या हिंदी चित्रपटासाठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बिपिन नाडकर्णी यांचा 'उत्तरायण' (२००४) दळवींच्या 'दुर्गी' या नाटकावर आधारित आहे.