ओसाड घराचा फोटो आणि पुसलेला घरमालक

पावसाळा लागला की आमच्या कोराडीतली तरुण पोरं कॅमेरे, मोबाइल घेऊन निघतात. कुणी रामटेकला, कुणी चिखलदऱ्याला, सुट्ट्या जोडून आल्या तर थेट सह्याद्रीत. धुक्यातला डोंगर, पडकी भिंत, गंजलेले कुलूप, आणि फोटोखाली एकच शब्द : 'शांतता'. फोटो काढू नका, असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न एवढाच की ते घर कुणाचे होते आणि तो माणूस का गेला?

हा प्रश्न टाळायची सवय जुनी आहे. इंग्रज लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होता. पुढे त्याने कॅमेरा घेतला. १८६४ साली त्याचे ७४ फोटो जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकात आले. पुस्तकाचे नाव 'द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया', म्हणजे खडकातली मंदिरे! अजिंठ्याच्या ३० लेण्यांत चैत्यगृहे ५ : ९, १०, १९, २६ आणि २९. बाकी जवळजवळ सगळे विहार. विहार म्हणजे भिक्खूंचे राहते घर. मध्ये दालन, भोवती निजायच्या खोल्या. घराला मंदिर म्हटले आणि घरात राहणारा संघ नावातून गळाला. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील बौद्ध लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणतात, तिथेही हेच झाले.

माणसांच्या फोटोंचे काय? १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे ८ खंड निघाले, त्यात माणसे जाती-जमातीप्रमाणे मांडलेली. मुंबईच्या विल्यम जॉन्सनने तर माणसांच्या छबी कापून वेगळ्याच देखाव्यांवर बसवल्या. म्हणजे डोंगराच्या फोटोत माणूस असला तर उंचीचे माप म्हणून आणि माणसाच्या फोटोत नावाच्या जागी जात.

आता खेड्यातल्या ओसाड घराकडे या. 'गाव ओस पडले हो' अशी हळहळ सगळेच करतात. पण महारवाड्यातले घर रिकामे झाले त्याचे आम्ही सरसकट सुतक का पाळावे? पश्चिम महाराष्ट्रात त्या घराला वतनाची वेठ बांधलेली होती. ती तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात भरलेल्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा खरपूस समाचार घेतला. आमची माणसे गाव सोडून एम्प्रेस मिलच्या भोंग्यामागे आली, ते पोटासाठी होते तसे माणूस म्हणून जगण्यासाठीही होते.

सगळेच मनाने निघाले असेही नाही. कुणाला दुष्काळाने हलवले, कुणाची जमीन धरणात, प्रकल्पात गेली, कुणाला मारहाण करून हाकलले. मुक्तीसाठी सोडलेले घर आणि जबरदस्तीने सोडायला लावलेले घर, या दोन्हींवर 'शांतता' लिहिले की दोन्ही इतिहास बुडाले. अत्याचार करणारा सुटला आणि लढणाराही विसरला गेला.

मित्रांनो, आपल्या पूर्वजांनी ही चूक केली नव्हती. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हे निवासस्थान संघाला दिले, असे त्या भिंतीवरच कोरले आहे. पुढे कुणी काहीही नाव ठेवो, दगड खरे सांगतो.

आपल्या वस्त्यांतल्या कुडाच्या भिंतींवर शिलालेख नाहीत आणि त्या दोन-चार पावसाळ्यांत मातीला मिळतील. म्हणून फोटो जरूर काढा, पण त्याआधी गावातल्या म्हाताऱ्या आयाबायांजवळ बसा. घरमालकाचे नाव, गाव, तालुका, घर कोणत्या साली सोडले, का सोडले आणि माणसे आज कुठे आहेत, एवढे विचारून फोटोसोबत लिहा. कुटुंबाची संमती घ्या. नाव नको म्हणाले तर नाव गाळा, कारण गाळू नका.

उद्या कुणी त्या पडक्या भिंतीला भलतेच नाव देईल, तेव्हा आपल्याजवळ नोंद असली पाहिजे.

जयभीम!