डिअरफिल्डचं दार

लेकीकडे मॅसॅच्युसेट्सला गेले की मी तिला आधीच सांगून ठेवते, मला मॉलमध्ये नेऊ नकोस, एखाद्या गावाचं म्युझियम दाखव. बोस्टनची मोठी म्युझियमं वेगळी. मी म्हणते ती गावाची स्वतःची. तिथे कितीतरी जुन्या गावांत एक हिस्टॉरिकल सोसायटी असते, एखाद्या जुन्या घरात नाहीतर बंद पडलेल्या शाळेत. आठवड्यातून दोन-तीन दिवस उघडी, टेबलापाशी पांढऱ्या केसांच्या एक बाई बसलेल्या. आत लोणी काढायची भांडी, पाळणे, कुणाच्या तरी लग्नातला झगा, शाळेचा पुसट फोटो. आपण माळ्यावर टाकतो तीच अडगळ. फरक इतकाच, की प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी असते: कुणाची, कधीची, कुणी दिली. ही हौस त्यांना जुनी आहे. मॅसॅच्युसेट्सची अशी संस्था १७९१ सालची, देशातली पहिली.

गेल्या सप्टेंबरात दशम्या आणि चटणी बांधून घेऊन आम्ही डिअरफिल्डला गेलो. मी, लेक आणि सात वर्षांची नात. राज्याच्या पश्चिमेकडचं, नदीकाठचं गाव, एकच लांब रस्ता आणि दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरं. तिथल्या १७९८ सालच्या शाळेच्या विटांच्या इमारतीत मेमोरियल हॉल नावाचं म्युझियम आहे. जॉर्ज शेल्डन नावाच्या गावकऱ्याच्या पुढाकाराने १८७० मध्ये संस्था निघाली आणि १८८० मध्ये म्युझियम उघडलं. संस्थेचं नाव पोकमटक व्हॅली मेमोरियल असोसिएशन. पोकमटक म्हणजे गोऱ्यांच्या आधी तिथे राहणारे, शेती करणारे मूळ लोक. ज्यांची जमीन गेली त्यांचंच नाव पाटीवर. याला काय म्हणावं?

शेल्डननी तेव्हाच एक अख्खं जुनं स्वयंपाकघर आत मांडलं होतं, चूल, भांडी, चरखा, सगळं जागच्या जागी. त्याच्यापाशी माझे पाय चांगलेच रेंगाळले. १८९६ मध्ये मार्गारेट व्हाइटिंग आणि एलन मिलर या दोघींनी जुन्या भरतकामाचे नमुने उतरवून घेऊन गावातल्या बायकांना ते काम पुन्हा शिकवलं, निळ्या-पांढऱ्या धाग्यांचं, आणि त्यातून बायकांना चार पैसे मिळाले. तेही पाहण्यासारखं. पण लोक तिथे येतात ते एका दारासाठी.

जाड फळ्यांचं, खिळ्यांनी मढवलेलं दार, आणि त्याच्या मधोमध कुऱ्हाडीने पाडलेलं भोक. २९ फेब्रुवारी १७०४ च्या पहाटे कॅनडाकडून आलेले फ्रेंच सैनिक आणि त्यांच्या बाजूचे मोहॉक, अबेनाकी वगैरे मूळ रहिवासी योद्धे, मिळून तीनएकशे माणसं या गावावर चालून आली. बर्फ इतकं साचलं होतं की तटाच्या कुंपणावर चढायला जणू पायऱ्याच झाल्या. ११२ माणसं धरून नेली. भर थंडीत सुमारे ३०० मैल चालत.

हे दार ज्या घराचं होतं, ते वाचवायची गावात बरीच खटपट झाली, तरी १८४८ मध्ये घर पाडलं. दार उरलं, तेही काही वर्षं परगावी विकलं गेलं होतं. १८६८ मध्ये ते परत आलं. ते वाचताना मला आमच्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आठवली. १२०४ सालची बस्ती. तिला दिलेल्या दानाचे कन्नड शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. डिअरफिल्डचं दार परत आलं हो, आमचे दगड आले नाहीत.

धरून नेलेल्यांत गावच्या पाद्र्याचं, जॉन विल्यम्सचं कुटुंब होतं. दोन लहान मुलं घरातच मारली गेली. बाळंतपणातून नुकती उठलेली आई वाटेत चालेना म्हणून तिलाही मारलं. बाप दोन-अडीच वर्षांनी सुटून आला, बहुतेक मुलंही आली. सात वर्षांची युनिस मात्र आली नाही. कानावाकी गावातल्या मोहॉक घराने तिला आपली लेक मानलं. ती इंग्रजी विसरली, त्यांच्या चालीरीतींत वाढली आणि १७१३ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिथल्याच तरुणाशी लग्न केलं. त्याच साली एक गोरा मध्यस्थ तिला न्यायला गेला. नाना परींनी विनवलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग मोहॉक भाषेत दोनच शब्द बोलली. अर्थ असा, की ते व्हायचं नाही.

बाप वारल्यावर ती नवऱ्यासोबत भावाकडे आली, एकदाच नाही, पुढे आणखी दोन-तीनदा. भावाबहिणींच्या मध्ये दुभाष्या लागला. थांब म्हणून पुष्कळ आग्रह झाला, पण प्रत्येक वेळी ती आपल्या घरी परत गेली. १७८५ मध्ये म्हातारी होऊन तिथेच वारली.

आतल्या खोलीत त्या पहाटेच्या माणसांच्या नावांचे संगमरवरी फलक आहेत, एकोणिसाव्या शतकात लावलेले. अशाच एका दुसऱ्या मुलीबद्दल तिथे कोरलंय, की तिने रानटी माणसाशी लग्न केलं आणि तीही रानटी झाली. संस्थेने आता अशा फलकांना नवा मजकूर जोडला आहे, त्या लोकांना त्यांच्या नावाने ओळखणारा. जुने शब्द खोडून टाकले नाहीत हे मला आवडलं. गाव एकेकाळी काय बोलत होतं ते राहू द्यावं.

पण मी त्या फलकापुढून हललेच नाही, त्याचं कारण निराळं. माझ्या आत्याला सोळाव्या वर्षी धारवाडकडच्या एका खेड्यात दिलं होतं. घर जैन, तालेवार, पण कानडी. आमच्या भागात अशा सोयरिकी पुष्कळ होतात. पहिल्या पंचमीला आली तेव्हा आत्या रडली म्हणे, कुणाशी बोलू म्हणून. आणि मला आठवते ती आत्या माझ्या वडिलांशी कानडीत बोलायची. मराठी शब्द अडला की हसायची. आजी ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझी लेक कानडी झाली." अगदी त्या दगडावरच्यासारखं. आजीचा जीव तुटत होता हे खरंच. पण आत्याला कुणी विचारलंच नाही, तुला कसं वाटतं? मीही नाही. मला कानडी समजतं, बोलताना अडखळते, एवढीच माझी सबब. युनिस काय म्हणाली ते निदान कुणीतरी लिहून ठेवलं. आत्याच्या हातचं चिठ्ठीवरचं चार ओळींचंही काही आमच्याकडे नाही.

बाहेर सफरचंदांच्या टोपल्या होत्या. नातीने दारातल्या भोकाचं चित्र काढलं आणि ती इंग्रजीत मला काहीतरी भरभर विचारू लागली. लेकीने मराठीत सांगितलं, "आई, ती विचारतेय, त्या मुलीला तिची आजी आठवत असेल का?" मी मराठीत उत्तर दिलं, लेकीने ते तिला इंग्रजीत सांगितलं. काय सांगितलं कोण जाणे, नात समाधानी दिसली.

बेळगावला परतल्यावर आत्याच्या सुनेला फोन केला. आत्याची लग्नातली पेटी आहे का, म्हणून विचारलं. ती कानडीत म्हणाली, "आहे की, आत आम्ही शेंगा ठेवतो." मी माझ्या मोडक्या कानडीत तिला म्हटलं, शेंगा असू देत, पण पेटी कुणाला देऊ नकोस, दिवाळीनंतर मी येते आणि दोन दिवस राहते.