जबलपूर, २२ मे १९९७ : जे संकट कळवून येत नाही

मे महिना उजाडला की आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर चक्रीवादळाच्या बातम्यांकडे लक्ष लागते. चक्रीवादळ कितीही विध्वंसक असले, तरी ते कळवून येते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, त्याआधीच भारतीय हवामानशास्त्र विभागाचे इशारे कोकणात पोहोचले होते. होड्या किनाऱ्यावर ओढून घेण्यास, छपराचे पत्रे बांधण्यास, कोरडा शिधा व पाणी भरून ठेवण्यास अवधी होता. हजारो लोकांना सुरक्षित जागी हलवता आले. घरांची आणि नारळ-पोफळीच्या बागांची प्रचंड हानी झाली. मनुष्यहानी मात्र मर्यादित राहिली.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत वसलेल्या जबलपूरच्या वाट्याला असा अवधी आला नाही. २२ मे १९९७ रोजी पहाटे ४ वाजून २० मिनिटांच्या सुमारास ५.८ परिमाणाचा भूकंप झाला. जबलपूर, मंडला, शिवनी आणि छिंदवाडा या जिल्ह्यांत घरे कोसळली. कोसमघाट हे गाव तर जवळजवळ उद्ध्वस्त झाले. सुमारे ४० माणसे दगावली. वादळांचे इशारे देणाऱ्या हवामानशास्त्र विभागानेच या भूकंपाची उत्तम नोंद केली, कारण किल्लारीच्या अनुभवानंतर त्याने आपल्या निवडक वेधशाळांत नवे अंकीय भूकंपमापक बसवले होते. पण ती नोंद घटनेनंतरची होती. वादळ उपग्रहाला दिसते. भूकंपापूर्वी खडकात साचणारा ताण असा पाहता येत नाही.

येथे थोडे गणित करू. या भूकंपाची नाभी सुमारे ३५ किलोमीटर खोल होती. प्राथमिक लहरी सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने धावतात, तर अधिक हानी करणाऱ्या दुय्यम लहरी साधारण ३.५ किलोमीटर वेगाने. म्हणजे नाभीच्या थेट वर असलेल्या घरात पहिला हादरा सुमारे ६ सेकंदांनी पोहोचतो आणि मोठा १० सेकंदांनी. मधला अवकाश अवघा ४ सेकंदांचा! अत्याधुनिक सूचनायंत्रणा असती, तरी झोपेतल्या कुटुंबाला एवढ्या वेळात अंगणही गाठता आले नसते.

मग घराने तयारी करायची कधी? याचे उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीत आहे. ६.२ परिमाणाच्या त्या भूकंपातील ऊर्जा जबलपूरच्या साधारण चौपट होती. मृत्यू मात्र ८ हजारांच्या घरात, म्हणजे सुमारे दोनशेपट. नाभी उथळ असल्याने हादरे तीव्र होते, हे एक कारण. दुसरे कारण घरांत होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीच्या माळवदाचे ओझे. अशा भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नसतात. हादऱ्याने ते फुगून सुटे होतात आणि माळवद खाली येते. दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड, दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना कवेत घेणारी सलग काँक्रीटची पट्टी आणि हलके छप्पर, एवढ्याने जीव वाचू शकतात. भारतीय मानक संस्थेने अशा साध्या बांधकामांसाठीची मार्गदर्शक मानके १९९३ मध्येच प्रसिद्ध केली आहेत.

भूकंपाचा दिवस सांगता येत नाही, पण त्याचा प्रदेश इतिहास सांगतो. नर्मदा-शोण पट्ट्यात १९२७ मध्ये शोण खोरे हादरले, १९३८ मध्ये सातपुडा, १९९७ मध्ये जबलपूर. या नोंदी हाच तेथील रहिवाशांना मिळालेला इशारा आहे. वादळाचा इशारा काही दिवसांचा असतो, हा काही दशकांचा. म्हणूनच तो विसरला जातो. वादळापूर्वीची तयारी आदल्या दिवशी करता येते. भूकंपाची तयारी पाया खणताना करावी लागते, किंवा उभ्या घराला नंतर बळकटी देऊन.

विद्यार्थी मित्रांनो, एक काम मात्र आजच होण्यासारखे आहे. रात्री झोपण्यापूर्वी आपल्या अंथरुणाच्या वर आणि शेजारी काय आहे ते पाहा. उंच कपाट भिंतीला पक्के जखडा, उशाच्या फळीवरचे जड सामान खाली उतरवा आणि गॅसचा खटका कोठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.