कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

सोलापूर : उन्हाळ्यात जिल्ह्याचा पारा ४० अंशांपुढे जातो, तसा घरचा कॉम्प्युटरही तापतो. तो मध्येच रीस्टार्ट होत असेल, तर दरवेळी व्हायरसच असतो असं नाही. आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. मग तो नेमका कधी रीस्टार्ट होतो, ते बघा.

भर दुपारी किंवा जड काम करताना : प्रोसेसर तापत असावा. प्लग काढून कॅबिनेटमधली धूळ मऊ ब्रशने झाडा. पंखा फिरतो का, ते पाहा.

मोटारी सुरू झाल्यावर किंवा लाइट झपकल्यावर : व्होल्टेज कमी-जास्त होत असेल. यूपीएसची बॅटरी आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात करंट राहतो.

निळी स्क्रीन दिसून : रॅम सैल किंवा खराब असू शकते. स्क्रीन लगेच जात असेल, तर विंडोजच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची खूण काढा. मग स्क्रीनवरचा कोड थांबेल. तो लिहून दुरुस्तीवाल्याला दाखवा.

दोष धुळीचा किंवा व्होल्टेजचा असेल, तर फॉरमॅटने तो जात नाही. उसाचा हिशोब आणि मुलांचे फोटो मात्र जातात.