सीटमागचा 'एच': अकोला करार ते कॅप राउंड

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडची कट-ऑफ यादी आठवते का? 'जी-ओपन-एच', 'जी-ओपन-ओ' असले कोड असायचे. अकोल्यात नेट कॅफेत बसून ती यादी चाळताना मला एवढंच कळलं होतं, की 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी. आपलं अमरावती विद्यापीठ, म्हणजे वऱ्हाडातले पाच जिल्हे. पण घरच्या पोरांसाठी वेगळ्या जागा काऊन? आज तीच गोष्ट.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. रानडे आणि भांडारकर त्याच बॅचचे. वऱ्हाडातल्या पोराला मात्र पुढं शिकायचं तर घर सोडावं लागे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. अमरावतीत सरकारी कॉलेज निघालं ते थेट १९२३ मध्ये. पेपरपेक्षा अंतरच अवघड होतं, भाऊ.

पुढं मराठी राज्याची बोलणी सुरू झाली, तशी इकडं धास्ती वाढली: पुण्या-मुंबईवाले सगळं घेऊन जातील. म्हणून ऑगस्ट १९४७ मध्ये अकोला करार झाला आणि २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार. नागपूर करारात नोकऱ्यांसोबत तांत्रिक, व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशातही लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा द्यायचं ठरलं. १९५६ मध्ये राज्यघटनेच्या कलम ३७१ मध्येही विदर्भ-मराठवाड्यासाठी तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेख आला. आपला 'एच' काही थेट त्या करारातून निघाला नाही, पण विचार त्याच घरातला.

मेडिकलला हाच प्रकार ७०:३० नावानं होता. सत्तर टक्के जागा आपल्या विभागातल्यांना, तीस टक्के राज्यभरातल्यांना. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं तो रद्द केला, नीटच्या पेपरला मोजके दिवस उरले असताना. माझी मावसबहीण तेव्हा तयारी करत होती. मावशीचा फोन आला, "आता कसं होईन रे बाप्पा?" तिकडं मराठवाड्यात मात्र आनंद होता. त्यांच्याकडं कॉलेजं कमी, त्यामुळं चांगले मार्क असूनही जागा हुकायची. एकच नियम, एका घरी आधार अन् दुसऱ्या घरी भिंत.

चीनमध्येही हेच भांडण आहे. तिथल्या गाओकाओ परीक्षेत विद्यापीठं प्रांतवार जागा ठरवतात. त्यामुळं बीजिंगच्या मुलाला पेकिंग विद्यापीठ जितकं जवळ, तितकं हेनानच्या मुलाला नाही.

मार्कांप्रमाणं यादी लावणारा कोड मी पाच मिनिटांत लिहून देईन. पण यादी राज्याची एक लावायची की विभागांच्या तीन, हे त्या कोडला कोणीतरी आधी सांगावं लागतं. ते सांगायला अकोल्यात, नागपुरात माणसं बसली होती. मावशीचा प्रश्न खरं तर त्यांच्यासाठीच होता.

तुमच्या घरी हा नियम आधार होता की भिंत? नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला!